गावाच्या जवायाची साखर

आमच्या गावात जवाई येतात, जेवतात आणि आपल्या गावी जातात. पत्रुजी आला तो गेलाच नाही. माझी धाकटी बहीण वच्छला त्याला दिली होती. दिवाळसणाला आला, आमच्या तलावातली मासोळी खाल्ली आणि हात चाटत म्हणाला, "हे गाव चांगलं हाये." झालं. आमच्या शेजारचं घर घेतलं आणि राहिला. कोणी घरजवाई म्हटलं की चिडायचा. "मी घराचा नाई, गावाचा जवाई हावो," म्हणायचा. आणि नुसतं म्हणून थांबला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

आमच्याकडे जवाई दारी आला की त्याच्या हातावर गोड ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. गुळाचा खडा का असेना. दुसऱ्यांचे जवाई सणावारी येतात, तेव्हा ही रीत कोणाला जड जात नाही. पत्रुजी रोज यायचा. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात. दारात उभा राहून खाकरायचा आणि म्हणायचा, "काई नाई वो बाई, सहज आलो." बाई आतून ओळखायची की सहज म्हणजे काय. कुठं करंजी, कुठं बुंदी, कुठं नुसती साखर. बसायला काही टाकल्याशिवाय बसायचा नाही आणि दिलेलं गोड संपल्याशिवाय उठायचा नाही. पाण्याचा पेला मात्र अर्धा ठेवायचा. "पाण्यानं तोंडाची गोडी जाते," म्हणायचा.

मूळचा तो मुलचेऱ्याकडचा. तिकडं बंगाली लोकांची गावं आहेत. त्याच्या बापाचं शेत अशाच एका गावाला लागून होतं, त्यामुळं तो शाळेत कमी आणि हलवायाच्या भट्टीजवळ जास्त वाढला. रसगुल्ला बोटानं दाबून सोडला की तो परत गोल झाला पाहिजे, ही त्याची परीक्षा. आमच्या गावातले पेढेसुद्धा तो दाबून पाहायचा. पेढा चपटाच राहायचा. मग मान हलवून तो चपटा पेढा खायचा आणि म्हणायचा, "नापास हाये, पण टाकून कायले द्या?"

माझं आणि त्याचं जमत नव्हतं असं लोक सांगतात. जमायचं काय कारण? तो जवाई, मी साळा. मान त्यानं घ्यायचा आणि मी द्यायचा, हे आधीच ठरलेलं. मी देत नव्हतो, एवढंच. जवाई वयानं लहान असला तरी आमच्याकडे मोठे लोक त्याच्या पाया पडतात. मी कोणाच्या पाया पडत नाही. शाळेत मास्तरांच्या पडलो नाही, म्हणून तर शाळा चौथीतच सुटली, आणि माझं काही अडलं नाही.

दुसरी गोष्ट जाळ्याची. जाळं विणणं माझ्या हातात आहे. माझ्यासारखं फेकायचं जाळं आजूबाजूच्या गावांत कोणी विणत नाही, हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरे सांगत नाहीत. पत्रुजीला मासोळीचा नाद, पण जाळं त्याच्याकडे नव्हतं. माझ्या अंगणात येऊन म्हणायचा, "साळेबुवा, जाळं देता का?" मी म्हणायचो, "ओलं हाये." भर उन्हाळ्यातही माझं जाळं ओलंच असायचं. तो त्या वाळलेल्या जाळ्याकडे पाहायचा, माझ्याकडे पाहायचा, आणि म्हणायचा, "बरं, वाळलं की सांगजा."

मग एका वर्षी त्याचे पाय सुजले. चेहराही सुजला. गावातल्या बायांना वाटलं, जवायाला गोड मानवलं. मूल या तालुक्याच्या गावच्या डॉक्टरनं चंद्रपूरला धाडलं, चंद्रपूरच्यानं नागपूरला. जुना बीपी होता, कोणी पाहिलाच नव्हता, त्यानं दोन्ही किडन्या आतल्या आत वाळवून टाकल्या होत्या. चंद्रपूरला मशीनवर रक्त धुवायला जावं लागे. तिथंही तो मशीन लावणाऱ्या पोरीला म्हणाला, "मी जवाई हावो बाई, जरा हळू टोच." ती म्हणाली, "कोणाचा?" हा म्हणाला, "सध्या तुहाच समज."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोणीतरी किडनी दिली तर माणूस सुटेल. त्यांची एक मुलगी चंद्रपूरला, तिचं लेकरू अंगावर पिणारं. वच्छला म्हणाली, "माही लागते का पाहा." लागली. मी आडवा आलो. मी म्हणालो, "वच्छला, यानं गावाचं गोड खाल्लं, आता तुही किडनी घेईन." ती भाकर थापता थापता म्हणाली, "भाऊ, तू त्यायले जाळं तरी देल्लं का कधी? मंग बोलू नको." तिला हे कोणी शिकवलं ते मला माहीत नाही.

ऑपरेशन झालं. दोघंही पांढरे फटक होऊन परत आले, पण किडनी चालू झाली. आणि त्या घरात एक नवीनच बोलणं सुरू झालं. नवी किडनी उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली बसवतात. जुन्या दोन काढत नाहीत, वाळलेल्या तशाच आत राहतात. पत्रुजीला हे कळल्यावर तो गावभर सांगत फिरला, "माह्याकडे तीन हायेत. हिच्याकडे एक. सांगा, कोण श्रीमंत?" वच्छला मात्र रोज सकाळी चहा घेऊन यायची, त्याच्या उजव्या कुशीकडे पाहायची आणि विचारायची, "कशी हायेस वो बाई? झोप लागली का?"

"मी बरा हावो," पत्रुजी म्हणायचा.

"तुमाले नाई इचारलं."

तो माझ्याकडे येऊन तक्रार करायचा. "साळेबुवा, लग्न झाल्यापासून हिनं मले एकदा इचारलं नाई, कसे हा म्हणून. आता आतल्या मांसाच्या तुकड्याले इचारून राह्यली."

"तिचा तुकडा हाये," मी म्हणालो. यात तरी मी बहिणीच्या बाजूनं होतो.

हे सगळं बरं चाललं होतं. मग साखर आली.

नागपूरला दोघं तपासणीला गेले होते, मीही सोबत होतो. तिथली डॉक्टरीण बाई वयानं लहान, पण आवाज मोठा. तिनं कागद पाहिला आणि विचारलं, "आधी शुगर होती का?" पत्रुजी म्हणाला, "घरात होती. अंगात नव्हती." ती हसली नाही. तिनं सांगितलं की दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, तिच्यावर धावून जातं. ते थांबवायला ज्या गोळ्या देतात, त्याच गोळ्या रक्तातली साखर वाढवतात. सगळ्यांची नाही वाढत, यांची वाढली. गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही. आणि साखर अशीच राहिली तर तीच या नव्या किडनीला खराब करेल. म्हणून गोड बंद, भात कमी, आणि पोटात इन्सुलिनची सुई.

पत्रुजीनं तो कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे साखर वाढवली गोळ्यायनं आन् शिक्षा मले?"

"शिक्षा नाही काका, सांभाळायचं."

"भातही?"

"भातही."

आमच्या धानाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला भात कमी कर म्हटलेलं सोसवत नाही. पण तो भातावर बोलला नाही. वच्छलाकडे वळून हळूच म्हणाला, "गावाले कसं सांगायचं वो?"

बसमध्ये वच्छला खिडकीकडे तोंड करून बसली होती. मूलला उतरताना म्हणाली, "भाऊ, माह्याकडे आता एकच हाये. ही खराब झाली तं दुसरी कुठून देऊ?" ती रडत नव्हती. हिशेबच तसा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते आमच्या गावात आधी कोणी केलं नव्हतं. लग्नाचं बोलावणं करायला निघावं तशी निघाली. नवं लुगडं नेसली, हातात हळदीकुंकवाची वाटी. घरोघर गेली, प्रत्येक बाईला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आजपासून आमच्या घरच्या माणसाले गोड देऊ नका. माह्या किडनीची शपथ हाये." देवाची, लेकराची, गळ्याची शपथ गावानं ऐकली होती. किडनीची पहिलीच. आणि ती शपथ फार कडक निघाली. देवाच्या शपथा रोज मोडणाऱ्या बायांनी ही मोडली नाही.

त्या दिवशी पत्रुजी नेहमीसारखा निघाला. पहिल्या दारात खाकरला. "काई नाई वो बाई, सहज आलो." आतून काकडीची फोड आली. दुसऱ्या दारात भाजलेले फुटाणे. तिसऱ्या दारी नुसतं, "जवाईबापू, बरे हा ना?" तो अर्ध्या गल्लीतून परत फिरला आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला. बसायला टाका म्हणालाही नाही.

"साळेबुवा, गावानं मले काढून टाकलं."

"कायनं?"

त्यानं मूठ उघडून दाखवली. काकडीची फोड तशीच होती. "जवायाच्या हातावर काकडी. माहा बाप असता तं रडला असता."

साखर तपासायचं यंत्र वच्छलाच्या ताब्यात. लहानसं, मुठीत मावेल एवढं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा की आकडा. सकाळी आकडा चांगला यायचा. मग पत्रुजी ते यंत्र घेऊन माझ्याकडे यायचा. "पाहा. सज्जन माणसाचं रक्त." दुपारी मात्र तोच आकडा चढलेला. डॉक्टरीण बाईनं सांगितलं होतं की सकाळची गोळी दुपारी आपला गुण दाखवते. पत्रुजीचं म्हणणं वेगळं होतं. "सकाळी मी एकटा असतो. दुपारपर्यंत हिचं बोलणं पोटात जाते." सुई तो डाव्या बाजूलाच घ्यायचा. उजव्या बाजूला घे म्हटलं तर म्हणायचा, "तिकडं वच्छलाची जागा हाये. इचारल्याशिवाय कसं टोचू?"

चोरीही करायचा, खोटं कशाला बोलू. एकदा पीठगिरणीच्या मागे जिलेबी खाताना सापडला. वच्छलानं त्याला काही म्हटलं नाही. त्याच्या समोर बसली आणि कुशीला म्हणाली, "बाई, मी तुले चांगल्या घरी देल्लं असं वाटलं होतं. चुकलं माहं. सांभाळ." आणि उठून गेली. पत्रुजी त्या दिवशी जेवला नाही. नंतर त्याला जिलेबी खाताना कोणी पाहिलं नाही. मला तो म्हणाला, "मले शिव्या देल्ल्या असत्या तं मी अजून खाल्ली असती."

मग चैत आला आणि मोहफुलं पडायला लागली. पहाटे झाडाखाली सगळं गाव वाकलेलं असतं. त्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला रोग लवकर लागतो, त्यामुळं पत्रुजीला रानात, गर्दीत जायची मनाई. म्हणून मी वेचून आणायचो आणि तो माझ्या अंगणात बसून काड्या-पानं निवडायचा. मोहफूल म्हणजे गोडाचा थेंबच, ताजं असलं की बोटांना चिकटतं. वच्छलाला ठाऊक होतं. म्हणून तिनं मला समोर बसवलं होतं. "भाऊ, एकही फूल तोंडात जाऊ देजो नको." मी बसलो. माझी नजर कशी आहे हे गावाला माहीत आहे. त्यानं एकही फूल खाल्लं नाही. एकदा वास घेतला, तोही माझ्याकडे पाहून, परवानगी मागितल्यासारखा.

त्या दुपारी वच्छला बचत गटाच्या बैठकीला समाजमंदिरात गेली होती. निघताना म्हणाली, "यंत्र लावा, सुई घ्या, मंग जेवा. भात झाकून ठेवला." पत्रुजीनं दुपट्ट्याला बोट पुसलं, टोचलं आणि यंत्राकडे पाहून घाबरला. एवढा मोठा आकडा आधी कधी आला नव्हता.

मी पाहिलं आणि म्हणालो, "केव्हा खाल्लं?"

"नाई खाल्लं."

"मी पाणी प्यायले गेलो तेव्हा."

"साळेबुवा, किडनीची शपथ. नाई खाल्लं."

मी म्हणालो, यंत्र का उगीच बोलते? मी बोललो ते यंत्र पाहून बोललो. त्याचं तोंड उतरलं. उठला आणि घरी गेला. इकडं मला काय माहीत की त्यानं घरी जाऊन त्या आकड्याच्या मानानं सुई भरून घेतली, नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि वर भातही खाल्ला नाही. अंगात एवढी साखर असताना अजून भात कायले, असा त्याचा विचार. नंतर त्यानंच सांगितला.

थोड्या वेळानं मी त्याच्याकडे गेलो. माफी मागायला नाही, त्याची टोपी अंगणात राहिली होती ती द्यायला. तो खाटेवर बसला होता. घामानं अंगरखा ओला. हात थरथरत होते. मी म्हणालो, "जवाईबापू, चहा ठेवू का?"

तो म्हणाला, "नको भाऊ. मले काई नको. तुमी बसा. तुमाले लय तरास देल्ला मी."

एवढ्या वर्षांत या माणसानं मला साळेबुवा सोडून काही म्हटलं नव्हतं. काही नको असं तर तो तापातही म्हणाला नव्हता. मानपान मागणं सोडलं म्हणजे आत काहीतरी बिघडलं. मी समाजमंदिराकडे निघालो. मी पळालो असं बाया सांगतात. मी पळत नाही. चाल वाढवली होती.

वच्छला आली. आल्याबरोबर तिनं त्याचा हात ओल्या फडक्यानं खसखसून पुसला, घामानं चिकट झाला होता म्हणून, आणि टोचलं. आकडा पार खाली. ती ओरडली, "साखर घसरली! भाऊ, साखर आण!" डॉक्टरीण बाईनं तिला बजावून सांगितलं होतं की साखर फार घसरली तर चढण्यापेक्षा लवकर माणूस जातो, ताबडतोब साखरेचं पाणी द्यायचं.

पण साखर होती कुठं? त्या घरातली साखर तिनंच काढून टाकली होती. गूळही. मी बोलेपर्यंत ती शेजारच्या दारात पोचली होती. शेजारीण गिरजाबाई, थकलेली पण पक्की बाई.

"गिरजाबाई, साखर दे!"

"कोणाले?"

"यायले, कोणाले म्हणजे!"

"नाई देत," गिरजाबाई म्हणाली. "तूच शपथ घातली. तुह्या किडनीले काई झालं तं माह्या डोक्यावर."

"अवं, मरून राह्यला तो! साखर नाई म्हणून मरून राह्यला!"

गिरजाबाईला हे काही केल्या पटेना. कालपर्यंत साखर खाल्ली तर मरणार होता, आज नाही खाल्ली तर मरणार. मला तरी कुठं पटलं होतं? पण वच्छलाचं तोंड पाहून तिनं डबाच उचलून दिला. वच्छलाच्या ओरडण्यानं गल्ली उठली. शपथ सुटली असं ज्याला त्याला वाटलं. कोणी गुळाची ढेप आणली, कोणी साखर, कोणी लग्नातले राहिलेले लाडू, गिरणीवाल्यानं बत्तासे. वच्छला पेल्यात साखर ढवळून त्याच्या ओठाला लावत होती आणि म्हणत होती, "प्या. प्या ना. मले एकटीले ठेवून जाऊ नका."

या वेळी ती किडनीशी बोलत नव्हती.

तो घोट घोट प्याला. हळूहळू हात थांबले. डोळे उघडले. त्यानं पाहिलं तर दारात, ओट्यावर, खिडकीत सगळं गाव उभं, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी गोड. त्यानं सगळ्यांच्या हातांवरून नजर फिरवली आणि बारीक आवाजात विचारलं, "धोंड्याचा महिना लागला का वो?"

बाया हसता हसता रडल्या. पत्रुजी बत्ताशाला हात लावणार तोच वच्छलानं डबा ओढून घेतला. शपथ परत चालू झाली होती.

संध्याकाळी डॉक्टरीण बाईला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "टोचण्याआधी हात धुतला होता का?"

"दुपट्ट्याले पुसला," पत्रुजी म्हणाला.

"हातानं काय करत होता?"

"मोहफुलं निवडत होतो."

तिकडून आधी हसण्याचा आवाज आला, मग रागवण्याचा. बोटाला लागलेली फुलांची साखर रक्तात मिसळून यंत्रात गेली होती. यंत्रानं पत्रुजीची नाही, मोहाची साखर मोजली होती. वच्छलाचा विश्वास बसेना. तिनं माझं बोट धरलं. मी म्हणालो, मला कशाला, मला काही रोग नाही. मीही दिवसभर फुलांतच होतो. टोचलं. माझा आकडा पत्रुजीच्याही वर! मला दरदरून घाम फुटला. तिनं माझे हात साबणानं धुतले, परत टोचलं. चांगला आकडा आला. पत्रुजी खाटेवरून पाहत होता.

"साळेबुवा," तो म्हणाला, "केव्हा खाल्लं?"

मी परत हात धुवायला गेलो. काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात धोंड्याचा महिना आला. दर काही वर्षांनी येणारा हा जास्तीचा महिना जवायांचा असतो. जवायाला बोलवायचं, न्हाऊ घालायचं, आणि भोकं असलेली वस्तू वाण म्हणून द्यायची. अनारसे, बत्तासे, ज्याला जाळी आहे ते. असं काऊन, ते म्हाताऱ्यांना विचारा. मीच म्हातारा आहे आणि मला माहीत नाही. आधीच्या धोंड्याला पत्रुजीनं आमच्या अख्ख्या गल्लीचे अनारसे खाल्ले होते आणि उरलेले दुपट्ट्यात बांधून नेले होते. या वेळी महिना लागला आणि तो घराबाहेरच निघेना. गल्लीतून तुपाचा वास आला की दार लावून घ्यायचा. वच्छला माझ्याकडे आली. "भाऊ, खाऊन-पिऊन सांभाळलं त्यायनं. आकडे चांगले हायेत. पण आतून सुकून राह्यले. माणूस नुसता किडनीवर थोडाच जगते?"

मी म्हणालो, मी काय करू? ती गेली. मी रात्रीचा दिवस वगैरे काही केला नाही. पाऊस होता, रानात काम नव्हतं, हात रिकामे होते, म्हणून विणायला बसलो.

पत्रुजी त्यानंतर दोन हिवाळे जगला. तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी भाकर-भाजी खाऊन खाटेवर आडवा झाला, तो उठलाच नाही. हृदय थांबलं म्हणाले. बातमी सांगायला नागपूरच्या डॉक्टरीण बाईला फोन केला, तर वच्छलानं फोन मागून घेतला. तिनं विचारलं, "बाई, किडनी कशी होती त्यायची?" तिकडून सांगितलं की शेवटच्या तपासणीत अगदी चांगली चालत होती. वच्छलानं फोन परत दिला. "चांगलीच राहीन ना," म्हणाली, "दोघांयनं सांभाळली होती." तेव्हा कुठं ती रडली.

पण माझ्या डोळ्यापुढं तो येतो तो धोंड्यातला. महिना संपायला आला होता. पावसानं उघडीप दिली होती. मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. वच्छला चुलीपाशी. मी जाळं त्याच्या पायाशी ठेवलं. नवं, माझ्या हातचं, काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं.

"हे काय साळेबुवा?"

"भोकं हायेत याले," मी म्हणालो. "मोजून घ्या."

त्यानं जाळं उचललं, उजेडात धरलं. एका भोकात बोट घालून दाबलं, सोडलं. भोक परत आपल्या जागी गोल झालं.

"पास हाये," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे न पाहता, "वाळलेलं हाये ना?"

"वाळलेलं हाये."

तो लगेच उठला. टोपी घातली, जाळं खांद्यावर टाकलं आणि तलावाकडे निघाला. गल्लीतून जाताना एकेका दारापुढं थांबत होता, खाकरत होता, आणि आतून बाई आली की खांदा वळवून जाळं दाखवत होता. "काई नाई वो बाई, सहज. साळ्यानं वाण देल्लं." मागून वच्छला ओरडत होती, "पाण्यात उतरू नका! काठावरूनच फेका! लय वाकू नका, तिले वळ पडन!" तलावाच्या पाळीवर तो उभा राहिला, कमरेतून वळला आणि जाळं फेकलं. ते हवेत पूर्ण उघडलं, ताटासारखं गोल, आणि पाण्यावर बसलं. पहिल्या फेकीत एकही मासोळी आली नाही. तो वळून आमच्याकडे हसला, जसं काही तलावच त्याच्या सासरचा आहे आणि आज नाही तर उद्या देईलच.

गावात अजून सांगतात की त्या दिवशी मी जवायाच्या पाया पडलो. जाळं जड होतं. शिसं होतं त्याला. ते खाली ठेवायला वाकावंच लागतं. मी वाकलो ते तेवढ्यासाठी, आणि माझा हात त्याच्या पायाला लागला असेल तर पाय मध्ये होता म्हणून लागला.